नभोवाणीतील ध्वनिसंस्कारक : स्वतंत्र यंत्र की संगणकाची आज्ञावली?

क्षेत्रफळाच्या दृष्टीने अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचा अहमदनगर, हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर असून पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा आणि कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर आहे. या जिल्ह्यात नभोवाणीचे दोन भिन्न प्रकार रुजले. एक, १००.१ मेगाहर्ट्झ कंप्रतेवरील आकाशवाणीचे नगर केंद्र. आणि दुसरा, ‘स्नेहालय’ या संस्थेने ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू केलेले ‘रेडिओ नगर’ हे सामुदायिक केंद्र.

सामुदायिक केंद्रांच्या बाबतीत २००६ च्या धोरणाने एक मर्यादा घालून दिली. अशा केंद्राची परिणामी प्रारित शक्ती सामान्यतः १०० वॅटपेक्षा अधिक असता कामा नये आणि आकाशकाचा मनोरा ३० मीटरहून उंच नसावा. एवढ्या शक्तीचे क्षेपण साधारणतः १० ते १५ किलोमीटरपर्यंत समाधानकारक ऐकू येते असे धरल्यास त्याखालील क्षेत्र ३१४ ते ७०७ चौरस किलोमीटर भरते. म्हणजे संपूर्ण जिल्ह्याच्या जेमतेम २ ते ४ टक्के. शक्ती वाढविण्याचा मार्ग बंद असल्यामुळे केंद्रचालकाच्या हाती उरते ते एकच साधन : जो ध्वनी क्षेपित करावयाचा, तो अशा रीतीने सिद्ध करणे की क्षेत्राच्या कडेवरील श्रोत्यासही शब्द स्पष्ट कळावा. हे कार्य ध्वनिसंस्कारकाचे. तो स्वतंत्र यंत्राच्या रूपाने घ्यावा की संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीच्या रूपाने, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

ध्वनिसंस्कारकाचे कार्य

कंप्रता-विरूपित क्षेपणात, म्हणजे एफ.एम. पद्धतीत, ध्वनीच्या तीव्रतेनुसार वाहक तरंगाची कंप्रता मूळ मूल्याच्या दोन्ही बाजूंस ढळते. हे विचलन ७५ किलोहर्ट्झच्या आत राखणे बंधनकारक असते. विचलन याहून अधिक झाल्यास शेजारच्या कंप्रतेवर आक्रमण होते व ग्राहीत विकृती उत्पन्न होते. ते फार कमी राहिल्यास शब्द खरखरीत बुडून जातो. मुलाखत देणारा शेतकरी मायक्रोफोनपासून दूर बसतो, निवेदक जवळून बोलतो, आणि लगेच वाजणाऱ्या गीताची पातळी तिसरीच असते. हा असमतोल दूर करण्यासाठी संस्कारक तीन पायऱ्यांनी काम करतो. पहिली पायरी स्वयंचलित पातळी-नियमनाची. ती काही सेकंदांच्या संथ गतीने चालते. दुसरी पायरी संकोचनाची. तीत ध्वनीचे खर्ज, मध्य व तार असे अनेक पट्टे पाडून प्रत्येकाची पातळी स्वतंत्रपणे आवरली जाते. तिसरी पायरी मर्यादकाची. मिलिसेकंदाहूनही अल्प काळात उसळणारी शिखरे ती छाटते.

तिसऱ्या पायरीस एक विशेष अडचण आहे. खरखर कमी व्हावी म्हणून प्रेषकात तार स्वर मुद्दाम उचलले जातात आणि ग्राहीत तेवढेच खाली आणले जातात. भारतात यासाठी ५० मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक वापरतात. त्यायोगे ३.१८ किलोहर्ट्झचा स्वर ३ डेसिबलांनी, तर १५ किलोहर्ट्झचा स्वर सुमारे १३.६ डेसिबलांनी उंचावतो. परिणामी ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखी ऊष्म व तालव्य व्यंजने आणि टाळ-झांजांचा नाद ही सर्वांआधी मर्यादेस जाऊन भिडतात. कीर्तनाच्या क्षेपणात हे चांगले प्रत्ययास येते. साधा मर्यादक वापरल्यास टाळेच्या प्रत्येक आघातासरशी कीर्तनकाराचा आवाज दबतो, कारण शिखर टाळेचे असले तरी दाबली जाते ती संपूर्ण ध्वनीची पातळी. तार पट्टा वेगळा आवरणारा संस्कारक हा दोष टाळतो. म्हणून संस्कारकाची निवड ही केवळ ‘आवाज मोठा करण्याची’ बाब नव्हे.

भेद दिसतो तितका खोल नाही

१९७५ मध्ये अमेरिकेतील ऑर्बन यांच्या ‘ऑप्टिमॉड ८०००’ या यंत्राने मर्यादक, गाळण्या आणि स्टिरिओ संकेत सिद्ध करणारा भाग यांची एकाच पेटीत सांगड घातली. त्यामागील विचार महत्त्वाचा होता : मर्यादकाने छाटलेली शिखरे पुढील गाळणीतून जाताना पुन्हा डोके वर काढतात, म्हणून दोन्हींची रचना एकत्रच व्हावयास हवी. १९९० च्या दशकात या पेटीत अंकीय संकेत-संस्करण आले. तेव्हापासून पेटीच्या आतही आज्ञावलीच काम करू लागली. पुढे नेदरलँड्सच्या हान्स फान झुटफेन यांची ‘स्टिरिओ टूल’, तसेच ‘ब्रेकअवे’ यांसारख्या आज्ञावल्या सामान्य संगणकावर तीच गणिते करू लागल्या. तेव्हा गणिताची गुणवत्ता हा आता दोहोंतील निर्णायक भेद राहिलेला नाही. भेद तीन ठिकाणी उरतो : ध्वनी बाहेर कसा पडतो, त्यास किती काळ लागतो, आणि बिघाडाच्या वेळी काय घडते.

निर्गमाचा प्रश्न

स्टिरिओ क्षेपणाचा संयुक्त संकेत केवळ श्राव्य ध्वनीपुरता नसतो. १५ किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही वाहिन्यांची बेरीज, १९ किलोहर्ट्झवर मार्गदर्शक स्वर आणि २३ ते ५३ किलोहर्ट्झमध्ये वाहिन्यांची वजाबाकी अशी त्याची मांडणी असते. केंद्राचे नाव वगैरे माहिती पाठवावयाची असल्यास ती ५७ किलोहर्ट्झवर जाते. संगणकातील ४८ किलोहर्ट्झ नमुनादराचे ध्वनिपत्र फार तर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा संकेत देऊ शकते. म्हणून आज्ञावलीकडून संयुक्त संकेत घ्यावयाचा तर १९२ किलोहर्ट्झ दराचे पत्र लागते. शिवाय त्या पत्राच्या निर्गमातील धारित्रे अतिमंद स्वरांना बाधक असू नयेत. अन्यथा छाटलेल्या तरंगाचा सपाट माथा कलतो व शिखर पुन्हा मर्यादा ओलांडते. त्यासाठी २ डेसिबलांची राखीव जागा सोडावी लागली, तर विचलन ७५ ऐवजी सुमारे ६० किलोहर्ट्झवरच थांबते. संस्कारकाने कष्टाने मिळविलेला लाभ अशा रीतीने एका स्वस्त पत्रापायी गमावला जातो. स्वतंत्र यंत्रात हा निर्गम उत्पादकानेच जुळवून दिलेला असतो.

काल आणि भरवसा

संगणक ध्वनीचे नमुने गटागटाने हाताळतो. ४८ किलोहर्ट्झ दराने १,०२४ नमुन्यांचा एक गट २१.३ मिलिसेकंदांचा होतो; आगम व निर्गम मिळून ४० मिलिसेकंदांहून अधिक विलंब सहज होतो. श्रोत्यास त्याचे काहीच सोयरसुतक नाही. परंतु निवेदक क्षेपित ध्वनी कर्णभूषेतून ऐकत बोलत असेल तर स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीने त्याचे बोलणे अडखळते. यावर उपाय सोपा आहे : निवेदकास संस्कारापूर्वीचा ध्वनी ऐकवावा. काही स्वतंत्र यंत्रांतही विलंब असतोच, हेही विसरता कामा नये.

भरवशाचा प्रश्न अधिक गंभीर होय. ग्रामीण भागात वीज खंडित होणे ही नित्याची बाब आहे. वीज परतल्यावर स्वतंत्र यंत्र सामान्यतः अल्पावकाशात आपल्या जुन्या मांडणीनिशी कामास लागते. संगणकास अधिक वेळ लागतो, आणि त्याची कार्यप्रणाली भलत्या वेळी स्वतःच्या अद्ययावतीकरणात गुंतली तर क्षेपण मुके होते. मात्र स्वतंत्र यंत्र बिघडले तर त्याची दुरुस्ती स्थानिक कारागिराच्या आवाक्याबाहेरची असते. उलट आज्ञावलीची प्रत व मांडणी जपून ठेवली असल्यास बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या संगणकावर ती त्याच दिवशी उभी करता येते. म्हणजे एकाचा बिघाड विरळा पण दीर्घ, दुसऱ्याचा वारंवार पण अल्पकालीन, असा हा भेद आहे.

निवडीचे सूत्र

या सर्व विवेचनातून असे दिसते की संस्कारकाच्या आधी दुसराच एक निर्णय घ्यावयास हवा : क्षेपण स्टिरिओ असावे की एकवाहिनी? दुर्बल संकेताच्या क्षेत्रात स्टिरिओमुळे खरखर २० डेसिबलांहूनही अधिक वाढते. ज्या केंद्राचा मुख्य आशय शेतीविषयक माहिती, मुलाखती, ओव्या व भारुडे हा आहे, त्यास एकवाहिनी क्षेपणाने कडेवरचा श्रोता मिळतो आणि गमवावे लागते ते फारच थोडे. एकवाहिनी निवडताच १५ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी पुरतो, १९२ किलोहर्ट्झच्या पत्राची आवश्यकता राहत नाही, आणि आज्ञावलीच्या विरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप गळून पडतो.

अशा केंद्राने पातळी-नियमन व संकोचन ही कामे आज्ञावलीकडे सोपवावीत. संगणक केवळ त्याच कार्यास वाहिलेला असावा, त्यास बॅटरीचा आधार असावा व तो महाजालापासून अलग ठेवावा. परंतु अंतिम मर्यादा राखण्याचे काम प्रेषकापाशीच असलेल्या साध्या यांत्रिक मर्यादकाकडे द्यावे. म्हणजे संगणक बंद पडून ध्वनी थेट जोडावा लागला तरी विचलन ७५ किलोहर्ट्झच्या पलीकडे जाणार नाही. याउलट दिवसभर स्टिरिओ संगीत देणाऱ्या, अधिक शक्तीच्या व रात्री मनुष्यविरहित चालणाऱ्या केंद्राने स्वतंत्र यंत्रावर खर्च करणेच श्रेयस्कर.

कोणताही मार्ग स्वीकारला तरी परीक्षा एकच. विचलनमापकावर शिखरे मर्यादेत आहेत ना, हे आधी पाहावे. नंतर एक साधा ग्राही घेऊन क्षेत्राच्या कडेवरील गावात जावे आणि तेथे निवेदकाचा ‘स’ व ‘श’ वेगळा ऐकू येतो का, याचा कानाने निर्णय करावा. डोंगराळ भागात परावर्तित तरंगांमुळे आधीच विकृती असते. तीत अतिरेकी छाटणीची भर पडल्यास मोठा झालेला आवाजही अनाकलनीय ठरतो. ज्या मांडणीत त्या गावातील श्रोत्यास शब्द कळतो, तीच त्या केंद्रापुरती योग्य होय.