गोळी सोडायचीय? पण एका रात्रीत नको!

अँग्झायटीसाठी डॉक्टरांनी थोड्या दिवसांची गोळी दिली. आता बरं वाटतंय. म्हणून आजपासून बंद? थांबा जरा!

तुमच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांची एखादी पट्टी आहे का? कुणाला दिसू नये म्हणून रुमालात गुंडाळलेली?

माझ्या होती. शेवटच्या सेमिस्टरला.

परीक्षा, इंटरव्ह्यू आणि घरून रोज फोनवर ‘पुढे काय ठरवलंस?’ छातीत धडधड व्हायची, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही. शेवटी धीर करून सायकियाट्रिस्टकडे गेले. त्यांनी दोन गोळ्या दिल्या. एक रोजची, जिचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. दुसरी क्लोनाझेपाम, अर्धा मिलिग्रॅम, रात्री झोपताना. पहिली काम करायला लागेपर्यंत आधार म्हणून. ‘ही दोन-तीन आठवडेच, मग येऊन भेट,’ असं त्यांनी बजावलं होतं.

मी गेलेच नाही. बरं वाटत होतं, सबमिशन डोक्यावर होतं आणि मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देत होता. तीनाचे सात आठवडे कधी झाले, कळलंच नाही.

मग साताऱ्याहून आई आली. रूम आवरताना तिला पट्टी सापडली. ‘झोपेच्या गोळ्या? या वयात? सवय लागली म्हणजे?’ तिचा चेहरा बघून मी त्याच रात्री गोळी बंद केली.

दोन दिवस काहीच झालं नाही. वाटलं, जिंकले! तिसऱ्या रात्री पंख्याचा आवाज कानात घुसायला लागला. ट्यूबलाइट डोळ्यांना टोचत होती. हात थरथरत होते, झोप गायब आणि धडधड पहिल्यापेक्षा जास्त. डोक्यात एकच, आजार परत आला. मी आहेच अशी. आता आयुष्यभर गोळ्या.

तुम्हालाही असंच वाटत असेल, तर पुढचं नीट वाचा.

आत होतं काय?

मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं. ते मेंदूचा ब्रेक. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या एकाच कुटुंबातल्या गोळ्या. हा ब्रेक त्या आणखी घट्ट दाबतात. म्हणून शांत वाटतं. पण काही आठवडे रोज बाहेरून मदत मिळाली, की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. अशात गोळी एकदम काढून घेतली, तर खंबाटकी घाट उतरताना ब्रेक निकामी व्हावा तसं होतं. भीती, घाम, थरथर, निद्रानाश सगळं उसळून वर येतं.

हा प्रत्येक वेळी मूळ आजार नसतो. मेंदू स्वतःचा ब्रेक पुन्हा दाबायला शिकत असतो, त्याला वेळ हवा असतो. क्लोनाझेपाम शरीरातून हळूहळू जाते, म्हणून मला त्रास तिसऱ्या दिवशी झाला. अल्प्राझोलाम लवकर निघून जाते, तिचा त्रास त्याआधीच सुरू होऊ शकतो.

आणि आईची भीती? ती खोटी नव्हती. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, 2020 मध्ये या गोळ्यांवरचा इशारा आणखी कडक केला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतली, तरी रोजच्या वापराने काही दिवस ते काही आठवड्यांत शरीराला सवय लागू शकते. पण त्याच इशाऱ्यात हेही आहे, की एकदम बंद केल्यास फिट्ससुद्धा येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. म्हणजे आईची भीती बरोबर होती, मी केलेला उपाय चुकला. शिवाय शरीराला सवय लागणं म्हणजे व्यसन नव्हे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हळू म्हणजे किती हळू?

चौथ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, ‘बंद करायचीच आहे. पण जिन्याने उतरू, उडी नको.’ गोळी पुन्हा सुरू झाली. मग पाऊण, अर्धी, पाव. प्रत्येक पायरीवर दोन-तीन रात्री वाईट जायच्या, मग बसायचं सगळं. व्हायव्हाच्या आठवड्यात आम्ही पायरी उतरलोच नाही, तिथेच थांबलो. रोजची दुसरी गोळी मात्र चालूच होती. ती स्वतःच्या मनाने सोडायची नाही, हेही तेव्हाच कळलं.

माझं वेळापत्रक कॉपी करू नका. 2025 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवातीला 5 ते 10 टक्के डोस कमी करून दोन ते चार आठवडे थांबण्याचा विचार करावा. थोडेच आठवडे घेतलेल्यांना बऱ्याचदा यापेक्षा लवकर उतरता येतं. अगदी मोजके दिवस घेतली असेल, तर कदाचित पायऱ्यांची गरजही नसते. तुमचं काय, ते डॉक्टरच ठरवणार.

तेव्हा मेडिकलवाल्यावर भरवसा नको. यातल्या अल्प्राझोलामसारख्या काही गोळ्या 2014 पासून आपल्याकडे ‘शेड्यूल एच-1’मध्ये आहेत. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरला नोंदवूनच त्या द्यायच्या असतात. सहज मिळाली म्हणजे गोळी साधी, असं नसतं.

पुढच्या तपासणीला मी आईला सोबत नेलं. तिने डॉक्टरांना पंधरा मिनिटं प्रश्न विचारले. त्यानंतर रोज रात्री फोन यायचा, ‘आज किती? अर्धी की पाव?’

ज्या दिवशी ‘काहीच नाही’ म्हटलं, त्या दिवशी दोघीही थोडा वेळ गप्प होतो.

एवढं लक्षात ठेवा

• गोळी सुरू होतानाच विचारा, ‘ही कधी आणि कशी बंद करायची?’

• डोस कमी करताना तारीख, डोस आणि झोप वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही दाखवा.

• चहा-कॉफी कमी करा. झोपेसाठी दारूचा आधार अजिबात नको. या गोळ्या आणि दारू एकत्र जिवावर बेतू शकतात.

• फिट आली, भास झाले किंवा जीव द्यावासा वाटला, तर वाट बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

• मनमोकळं बोलायचं असेल, तर ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन आहे. 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही.