फायदा शून्य, मजा पुरेपूर : पावणेपाच दिवसांनी सुरू होणारा कॉम्प्युटर

घरात पोरगं जुना रेडिओ उघडून बसलं की अब्बांचा प्रश्न ठरलेला, "याचा फायदा काय?" आम्हीही तो कित्येकदा विचारला आहे. पण दिमित्री ग्रिनबर्ग या इंजिनिअरने २०२४ मध्ये केलेली एक करामत वाचली आणि जरा थांबलो. यात फायदा काहीच नाही, हे त्याने स्वतःच आधी सांगून टाकले आहे.

त्याने केले काय? इंटेलची ४००४ ही १९७१ सालची चिप घेतली आणि तिच्यावर लिनक्स चालवून दाखवले. ही चिप मुळात बुसिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनलेली. तिच्यात ट्रान्झिस्टर सुमारे २,३००. आजच्या मोबाइलमध्ये अब्जावधी असतात. लिनक्सला ३२ बिटांचे आकडे लागतात आणि ही बिचारी एका वेळी ४ बिट उचलते. मग जमले कसे?

खरी गंमत इथेच आहे. त्याने मध्ये एक दुभाष्या बसवला, ज्याला एम्युलेटर म्हणतात. लिनक्सला वाटते, आपण मिप्स आर३००० या मोठ्या प्रोसेसरवर चाललो आहोत. प्रत्यक्षात दुभाष्या एकेक हुकूम फोडून ४००४ कडून करवून घेतो. ३२ बिटांची एक बेरीज म्हणजे आठ तुकडे, शाळेत करायचो तसा हातचा घेत घेत. 'आणि', 'किंवा' या तार्किक क्रियांचे तर हुकूमच या चिपमध्ये नाहीत, त्या वळसा घालून कराव्या लागतात. आणि हा सगळा दुभाष्या ४,०९६ बाइटांत! तुम्ही वाचताय तो हा छोटासा लेख साठवायलाही जवळपास तेवढी जागा लागते.

मेमरी आणि सवड दिली, तर लहान यंत्र मोठ्या यंत्राचे काम करू शकते, हे पुस्तकात वाचायला मिळते. इथे ते डोळ्यांनी दिसते. उत्तर चुकत नाही, फक्त उशिरा येते.

किती उशिरा? याच माणसाने २०१२ मध्ये ८ बिटांच्या एका साध्या चिपवर लिनक्स चालवले, तेव्हा सुमारे दोन तास लागले होते. बारा वर्षांनी लागले ४.७६ दिवस. म्हणजे गडी प्रगती करत मागे गेला! सोमवारी सकाळी सातला बटण दाबा. जुम्म्याची रात्र उलटून एक वाजेल, तेव्हा पडद्यावर हुकमाची वाट पाहणारी एक ओळ उमटेल.