नळी, रस्सा आणि दारातला कुत्रा

रविवारी सकाळी पुण्या-कोल्हापुरातल्या कुठल्याही मटणाच्या दुकानापुढे थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मामू, कुत्र्यासाठी थोडी हाडं टाका की." मामूही हात आखडता घेत नाहीत. ठोकळ्यावर उरलेला कणा, बरगड्या, नळीचं टोक असं सगळं सुऱ्याच्या चार घावांत बारीक होऊन काळ्या पिशवीत पडतं. घरी कुकरच्या तीन शिट्ट्या होतात आणि गार झालेली हाडं कुत्र्याच्या ताटलीत येतात. देणाऱ्याची माया खरी असते, पण तोवर दोन चुका होऊन गेलेल्या असतात. एक ठोकळ्यावर, दुसरी कुकरमध्ये.

कोरड्या हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फरसच्या खनिजाचा असतो आणि उरलेला बहुतेक कोलॅजन या प्रथिनाचा. खनिजामुळे हाड कडक राहतं आणि कोलॅजनमुळे ते दाबाखाली थोडं वाकतं. पायाचं सूप बोटांना चिकटतं, फ्रिजमध्ये ठेवलं की थिजतं, कारण हेच कोलॅजन विरघळून पाण्यात उतरलेलं असतं. भांड्यात मागे राहतं ते ठिसूळ हाड. कुत्र्याने चावलं की ते वाकत नाही, फुटतं. चिकनच्या तंगडीचं हाड तर उभं चिरतं आणि त्याच्या सुया होतात. भाजलेल्या, तळलेल्या, तंदुरी हाडांचंही तेच. तासभर शिजवून बोटांनी चुरता येणारी हाडं देणारेही पुष्कळ आहेत. त्यात टोचण्याचा धोका कमी होतो, पण तो चुरा आतड्यात खडूसारखा घट्ट बसतो आणि कुत्रा कुंथून कुंथून हैराण होतो.

"लांडगा अख्खी शेळी हाडांसकट खातो, मग आमच्या मोत्याचं काय बिघडतं?" हा प्रश्न प्रत्येक श्वानप्रेमी कधी ना कधी विचारतोच, आणि त्याचं उत्तर या विषयातला सर्वांत सुरस भाग आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं हे माळरान चिंकारांसाठी प्रसिद्ध असलं तरी त्या पट्ट्यात लांडगे आणि तरसही वावरतात. अशा माळावर लांडग्याची वाळलेली विष्ठा काडीने उकलून पाहिली, तर आत केसांचा पीळ दिसतो आणि त्या पिळात गुंडाळलेले हाडांचे तुकडे सापडतात. लांडगा हाड सहसा एकटं खात नाही. त्याच्या पोटात मांस, कातडी, केस सगळं बरोबर जातं. केस टोकदार तुकड्यांभोवती गुंडाळले जातात आणि आतड्याची अस्तरं वाचतात. शिवाय ते हाड कच्चं असतं, त्यातलं कोलॅजन शाबूत असतं. घरच्या कुत्र्याच्या वाट्याला येतं ते उकडलेलं आणि मांस चोखून घेतलेलं उघडं हाड. लांडग्याचं उदाहरण द्यायचं तर त्याचं पूर्ण ताट द्यावं लागेल, आणि ते कुणाच्याच घरात शक्य नाही.

तरस तर याहून पुढचं. त्याच्या जाडजूड दाढा आणि जबड्याचे स्नायू हाड फोडण्यासाठीच घडलेले असतात. त्याची विष्ठा वाळली की पांढरीफटक दिसते, ती पचलेल्या हाडांतल्या कॅल्शियममुळे. घरच्या कुत्र्याची शी पांढरी, कोरडी, भुगा होणारी दिसू लागली तर अर्थ तोच, हाड जास्त झालं. फरक एवढाच की तरसासाठी ते रोजचं असतं आणि कुत्र्यासाठी बद्धकोष्ठाची पहिली सूचना.

शिवाय कुत्रा आता पुरता लांडगा राहिलेलाही नाही. तो माणसाजवळ आला त्याला किमान पंधरा हजार वर्षं झाली. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. भात-भाकरीवर तो तगला तो असा.

आता दात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीसारख्या एकमेकींवर घासतात, म्हणून कुत्रा मान तिरकी करून हाड तोंडाच्या कडेला नेतो. म्हशीच्या पायाची नळी जनावराचं सगळं वजन पेलणारी असते. ती चावताना वरच्या उपदाढेचा कपचा उडतो आणि आतली नस उघडी पडते. कुत्रा दुखणं दाखवत नाही, फक्त एका बाजूने खाऊ लागतो. नख दाबून जे मुळीच रुतत नाही ते दाढेखाली देऊ नये. नळीच्या गोल चकत्याही टाळाव्यात. त्या खालच्या सुळ्यांमागे जबड्यात अडकतात आणि कापून काढाव्या लागतात.

मराठी घरातला सर्वांत मोठा धोका मात्र रश्शातला आहे. ताटातली उष्टी हाडं म्हणजे तिखट, मीठ, तेल आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण. या दोहोंतले गंधकयुक्त पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने ते नाहीसे होत नाहीत. परिणाम काही दिवसांनी दिसतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर होते. चरबीदार मटण एकदम खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दुकानांतल्या भाजलेल्या, धुरी दिलेल्या हाडांबद्दल इशारा दिला. त्यांच्याकडे आलेल्या सुमारे ६८ तक्रारींत जवळपास ९० कुत्री आजारी पडली होती आणि सुमारे १५ दगावली होती. म्हणजे पाकिटातलं हाडही निर्धोक नाही.

मग कच्चं द्यावं का? १९९३ साली इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने पुस्तक लिहून कच्च्या हाडांचा जोरदार पुरस्कार केला, तर अनेक पशुवैद्य हाड देऊच नका म्हणतात. त्याच ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कच्चं चिकन, विशेषतः माना, आणि पाय लुळे पाडणारा एक मज्जातंतूंचा आजार यांचा संबंध दिसला. संशय कॅम्पिलोबॅक्टर जंतूवर आहे. कच्ची फुप्फुसं आणि काळीज तर मुळीच नको. त्यातून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी माणसात हायडॅटिडच्या गाठी करतात.

सगळं तोलून पाहता, हाड न देणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. तरीही द्यायचंच असेल, तर मामूंना सांगावं, "तोडू नका, अख्खं द्या." घावाने चिरलेल्या तुकड्याला धार येते आणि तो गिळण्याजोगाही होतो. बकऱ्याच्या सीन्याचा किंवा मानेचा मांस लगडलेला, कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठा, ताजा कच्चा तुकडा त्यातल्या त्यात बरा. तो जेवणानंतर द्यावा, म्हणजे अधाशीपणे गिळला जात नाही. दहा-पंधरा मिनिटं समोर बसावं. लहान झालेला तुकडा खेचून न घेता, दुसरा खाऊ दाखवून काढून घ्यावा. आठवड्यातून एकदा पुरे. दोन कुत्री असतील तर वेगळं बसवावं आणि नंतर हात, फरशी, भांडं साबणाने धुवावं. पिल्लं, म्हातारी, गपकन गिळणारी आणि पोटाच्या तक्रारी असलेली कुत्री यांना हाड नकोच.

हाडाची चव मात्र प्रत्येक कुत्र्याला देता येते. मटण शिजवताना कांदा, लसूण, मीठ पडण्यापूर्वीच थोडं मांस आणि हाडं साध्या पाण्यात वेगळी उकळावीत. गार झाल्यावर वरचा चरबीचा थर काढावा, हाडं गाळून फेकावीत आणि ते पाणी भातावर घालावं. कोलॅजन त्यातच असतं.

हाड खाल्ल्यावर कुत्रा वारंवार ओकत असेल, लाळ गाळत मान ताणत असेल, शी होत नसेल किंवा त्यात रक्त दिसत असेल, पोट फुगलं असेल, तर थांबू नये. हाड अन्ननलिकेत अडकलं असेल तर ते पुढे ढकलायला केळं किंवा भात भरवणं, एरंडेल पाजणं, मिठाच्या पाण्याने ओकारी काढणं हे सगळं जिवावर बेतू शकतं. थेट दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना हाड कशाचं, केवढं आणि कधी खाल्लं ते सांगावं. एक्स-रे काढायचा की दुर्बीण घालायची, हे ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.

धुळवडीला, गटारीला, पाहुण्यांच्या पंगतीला ताटातली हाडं गोळा करून गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकायची आपली पद्धत आहे. त्यांच्या पोटात हाड अडकलं तर त्यांना दवाखान्यात नेणारं बहुधा कुणी नसतं. यंदापासून ती हाडं पिशवीत घट्ट बांधून झाकणाच्या डब्यात टाका आणि त्या कुत्र्यांसाठी अळणी पाणी घातलेल्या भाताचा वाडगा बाहेर ठेवा.