हिरवळीखालची काळी माती

ज्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने काडीकचरा, शेण आणि राख यांपासून उत्तम खत सिद्ध करण्याची पद्धत बसविली, आणि जी पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली, त्याच इंदुरात सुखवस्तू गृहस्थाने परसातील माती उकरून काढावी व तिच्या जागी प्लास्टिकचे गवत अंथरावे, हा काळाचा विनोद खरा. परंतु त्यामागील गरज खोटी नाही. कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या अवधीत चार वेळा रणजी करंडक जिंकल्याच्या गोष्टी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्या घरांतील मुलांना गल्लीत मोटारींच्या रांगांपुढे जागा उरलेली नाही; आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या ‘टर्फ’वर संध्याकाळची वेळ मिळविणे हे सरकारी दफ्तरातून जुन्या कागदाची नक्कल मिळविण्याइतके चिकाटीचे काम होऊन बसले आहे.

या गवताचा जन्म एका फजितीतून झाला. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६५ साली उघडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ या छपराच्या क्रीडागृहात खेळाडूंचे डोळे दिपतात म्हणून छताच्या पारदर्शक फलकांना रंग फासण्यात आला, त्यामुळे सूर्यप्रकाश तुटून खालचे खरे गवत मेले, आणि पुढच्याच वर्षी तेथे मोन्सॅन्टो कंपनीचे कृत्रिम गवत आले. आपल्या वाट्याला त्याची ओळख दुःखाचीच आली. १९४८ च्या सुवर्णपदक विजेत्या हॉकी संघाचे कर्णधार किशनलाल आणि १९५६, १९६० व १९६४ ही तीन ऑलिंपिके गाजविणारे गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे दोघेही इंदूरशेजारच्या महूचे. त्यांची पिढी नैसर्गिक मैदानांवर मोठी झाली. १९७६ साली मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली, आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत सातव्या स्थानावर घसरला. त्या पराभवाचे सारे खापर गवतावर फोडणे मला न्याय्य वाटत नाही. तथापि पाया बदलला की खेळ बदलतो, एवढे मात्र तेव्हा ध्यानी आले.

पाया हाच घरच्या मैदानाचाही खरा प्रश्न आहे, आणि माळव्यात तो अधिक बिकट आहे. येथील काळी चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षाकाठी नऊशे-साडेनऊशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, अशा ठिकाणी या मातीवर थेट गालिचा पसरला तर पहिल्याच दिवाळीपर्यंत त्यावर चढउतार उमटतील. म्हणून निदान फूटभर, आणि मातीचा थर जाड असेल तर त्याहूनही खोल, खोदाई करावी. तळाशी गाळणीच्या कापडाचा थर द्यावा, त्यावर मुरूम, मग गिट्टी, मग बारीक चुरी असे थर टाकून प्रत्येक थर पाणी मारून रोलरने वा धुम्मसने दाबावा, आणि शंभर फुटांस एक फूट असा उतार घराच्या पायापासून दूर, नालीकडे, काढावा. मक्तेदार घाई करतात ती नेमकी येथेच, कारण हे काम पुढे कोणाला दिसत नाही. उकरलेली काळी माती त्यांच्या ट्रॉलीत जाऊ न देता कुंपणालगतच्या वाफ्यांत घालावी. विकत घेऊ म्हटले तर तशी माती सहजी मिळत नाही.

मोजणीच्या बाबतीत बहुतेकांची कल्पनाशक्ती जागेपुढे धावते. टेनिसचे पूर्ण मैदान २३.७७ गुणिले १०.९७ मीटर असते आणि सभोवारची मोकळी जागा निराळी. क्रिकेटची खेळपट्टीच २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची, आणि शहरातील वसाहतींतील तीस बाय पन्नासचे भूखंड तर त्याहून आखूड. लहान मुलांच्या टेनिसकरिता आंतरराष्ट्रीय महासंघाने १०.९७ गुणिले ५.४८ मीटर एवढे छोटे मैदानही मान्य केले आहे. बेताच्या आवारात तेच शोभते. लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे मावळता सूर्य कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

गवत निवडताना ते किती मऊ आहे यापेक्षा कोणत्या खेळासाठी आहे हे विचारावे. टेनिसला आखूड तंतू व त्यांत झाडूने मुरविलेली गारेची वाळू चालते. फुटबॉलला चाळीस-साठ मिलिमीटरचे लांब तंतू लागतात. त्यांत रबराचे दाणे भरण्याची रीत आहे. मात्र ते मैदानाबाहेर पसरून मातीत व पाण्यात मिसळतात म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली त्यांच्या विक्रीवर बंदी ठरवून आठ वर्षांची मुदत दिली आहे. घरापुरते वाळूवर भागवावे, हे माझे मत.

पाण्याचा हिशेबही विक्रेते सांगतात तितका सरळ नाही. नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी घाट चढवून आणणाऱ्या शहरात हिरवळीला पाणी द्यावे लागत नाही ही मोठी बचत खरी. पण हेच प्लास्टिक वैशाखातील दुपारी साठ अंशांवर तापते, पाणी मारले तरी निवते थोडाच वेळ, आणि अनवाणी पायांचे हाल होतात. मग खेळ सकाळ-संध्याकाळच. आणि संध्याकाळ म्हटली की दिवे व चेंडूचे आवाज आले, त्यासाठी शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

उत्तम निगेत हा गालिचा आठ-दहा वर्षे टिकतो. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात स्वच्छतेचा मान मिळविणाऱ्या इंदुरात कचरा वेगवेगळा करून देण्याची सवय घराघरांत मुरली आहे. परंतु वाळूने भरलेले, गोंदाने जोडलेले, मणांच्या हिशेबाने वजनदार असे हे झिजलेले प्लास्टिक कोणत्याच डब्यात मावत नाही. तेव्हा ते उचलून नेण्याची व पुढील विल्हेवाटीची जबाबदारी कोणाची, हे कलम सांध्यांच्या व रंग उडण्याच्या हमीबरोबरच करारनाम्यात लिहून घ्यावे, आणि ते लिहून देण्यास मक्तेदार कांकू करू लागला तर बयाणा देऊ नये.