पहाटे चारचा दमा आणि खिशातला फोन

दम्याचा पेशंट डॉक्टरांपुढे बसतो, तेव्हा अनेकदा त्याची छाती साफ असते. धाप लागलेली असते ती पहाटे तीन-चारला. तेव्हा तो अंथरुणात पुढे वाकून बसलेला असतो, छातीतून सूं-सूं आवाज येत असतो आणि घरातलं कुणीतरी पाठ चोळत असतं. उजाडलं की श्वास मोकळा होतो. म्हशींच्या धारा निघतात, दूध डेअरीला जातं आणि दवाखान्याचा विषय मागे पडतो. चार दिवसांनी तो गेलाच, तर स्टेथोस्कोपला ऐकायला काही उरलेलं नसतं.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला कायमची सूज असते. त्रास नसतो त्या दिवशीही ती असते. अशा चिडक्या नलिकांना धूर, धूळ, गारठा किंवा बुरशीचे कण लागले की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसॉल हे शरीरातलं संप्रेरक रात्री सर्वांत कमी असतं. पहाटेच्या धापेमागे शरीराच्या घड्याळातले असे चढउतार असतात. म्हणजे आजाराचा खरा चेहरा दिसतो तो दवाखाना बंद असताना. मोबाइलच्या मदतीने दमा सांभाळण्याच्या खटाटोपाला माझ्या लेखी अर्थ आहे तो एवढ्यासाठीच: त्या वेळेची नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचावी.

हे सगळं बिद्रीसारख्या गावात ठेवून पाहावं. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातलं हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. सह्याद्री जवळ असल्याने पावसाळ्यात भिंती ओलावतात, कपाटांच्या मागे बुरशी धरते. पाऊस सरतो आणि गळीत हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, रस्त्याची उडणारी धूळ, ऊस गेलेल्या रानात पेटवलेलं पाचट आणि गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर, सारं एकाच सुमारास. थंडीच्या सकाळी धूर वर न जाता रानावर आडवा पसरतो. त्यात घरातली चूल आणि रात्रीची डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. खोकणाऱ्या माणसाच्या उशाशी कॉइल लावणारी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत.

ऊसपट्ट्यात आणखी एक घोळ होतो. भिजून बुरशी आलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, धूळ सतत छातीत गेली, तर बगॅसोसिस नावाचा वेगळाच आजार होऊ शकतो. त्यात सूज श्वासनलिकांत नसते, फुप्फुसाच्या खोल ऊतींत असते, आणि तापही येतो. विडी ओढणाऱ्याची किंवा वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईची धाप सीओपीडी या फुप्फुसाच्या वेगळ्या जुनाट आजाराची असू शकते. म्हणून पहिली तपासणी फोनवर उरकू नये. एकदा समोर बसून, स्पायरोमीटरमध्ये फुंकून निदान पक्कं करावं. त्यासाठी कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयापर्यंत जावं लागलं तरी जावं. फोनचं काम त्यानंतरचं.

आणि ते मोठं आहे. 2019 च्या जागतिक आरोग्य अंदाजांनुसार भारतात साडेतीन कोटींच्या आसपास दमेकरी होते, म्हणजे जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा 40 टक्क्यांहून अधिक होता. औषधं आपल्याकडेच बनतात, पण नियमाने घेतली जात नाहीत, हे यामागचं एक मोठं कारण आहे. ‘पंप लागला की आयुष्यभर लागला’ हे वाक्य कोल्हापूरच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. मग पंप, म्हणजे इनहेलर, लपवला जातो. लग्न ठरायच्या मुलीचा तर हमखास. त्याऐवजी गोळी चालते, इंजेक्शन चालतं, कोजागरीच्या रात्रीचं दुधातलं औषध चालतं. पंपातून औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट नलिकांपर्यंत जातं, तर गोळीतून मिलिग्रॅममध्ये सगळ्या अंगात फिरतं. भीती उलट्या बाजूची आहे.

पंप घेणाऱ्यांतही बहुतेकांची ओळख सालब्युटामॉलच्या निळ्या पंपाशी. आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेला हात लावत नाही. सूज उतरवते ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, आणि त्याचा गुण हळूहळू दिसतो. ‘जिना’ या दम्याविषयीच्या जागतिक संस्थेने 2019 साली स्पष्ट सांगितलं की प्रौढांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये; प्रत्येकाच्या उपचारात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असलंच पाहिजे. महिन्याला निळे पंप किती संपतात, हा एकच प्रश्न फोनवर विचारला तरी डॉक्टरांना पुष्कळ काही कळतं.

फोनचा कॅमेरा याच्याही पुढे जातो. पंप ओढणं दिसतं तेवढं सोपं नाही. टोपण काढून पंप हलवायचा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा; ही पायरी फार जण गाळतात. ओठ घट्ट मिटून, श्वास आत घ्यायला सुरुवात होताच कळ दाबायची आणि सावकाश, खोल ओढत राहायचं. मग दहापर्यंत आकडे मोजत दम धरायचा. कळ आधी किंवा उशिरा दाबली तर औषध जिभेवर नाहीतर घशातच बसतं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरली नाही, तर तोंडात पांढरी बुरशी धरू शकते. चार दशकांतल्या अभ्यासांचा 2016 साली आढावा घेतला गेला, तेव्हा जगभरात जेमतेम 31 टक्के रुग्ण पंप बरोबर घेताना आढळले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणाही नव्हती. दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टर ‘पंप घेताय ना?’ विचारतात, रुग्ण ‘हो’ म्हणतो. दोघेही खरं बोलत असतात. घरी पंप घेतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला, तर चूक लगेच दिसते. मधे स्पेसरची नळी लावा, एवढ्या एका सल्ल्यानेही कितीतरी जणांचं काम होतं.

दुसरं साधन पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची वीतभर नळी, बाजूला आकड्यांची पट्टी, बॅटरी नाही. पूर्ण श्वास भरून एका झटक्यात फुंकायचं, काटा किती सरकला ते पाहायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सकाळी आणि संध्याकाळी. समजा सकाळी 300 आणि संध्याकाळी 380 आला. फरक 80, सरासरी 340, म्हणजे जवळपास 24 टक्क्यांचा झोका. दोन आठवड्यांच्या नोंदींत प्रौढांचा हा रोजचा झोका सरासरी 10 टक्क्यांहून जास्त राहिला, तर ती दम्याची खूण मानतात. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांवर असलो तर हिरवा पट्टा, 50 ते 80 मध्ये पिवळा, त्याखाली लाल. पिवळ्यात काय करायचं हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं असावं, म्हणजे रात्री कुणाला फोन करायचा हा प्रश्नच उरत नाही. आकडे अॅपमध्ये भरा किंवा वहीच्या पानाचा फोटो पाठवा. मला वहीच बरी वाटते, कारण घरात फोन एक असतो आणि तो दिवसभर कर्त्या माणसाच्या खिशात असतो. ज्या सुनेला दमा आहे, तिच्या हातात तो येतो जेवणं आटोपल्यावर.

याने खरंच फरक पडतो का? औषधं नियमित घ्यावीत म्हणून वापरलेल्या डिजिटल साधनांच्या 40 चाचण्यांचा कॉक्रेनचा आढावा 2022 मध्ये आला. औषध घेण्याचं प्रमाण साधारण 15 टक्के गुणांनी वाढलं आणि दम्याचे तीव्र झटके जवळजवळ निम्म्यावर आले. पंपाला बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रांचा परिणाम अधिक होता. साध्या मेसेजचा त्याहून कमी, पण दखल घ्यावी एवढा. नोंदयंत्राचे पंप बिद्रीच्या मेडिकल दुकानात मिळायचे नाहीत. मेसेज मात्र आजही पाठवता येतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मराठीत बोललेला व्हॉइस मेसेज.

सरकारी पातळीवर वाट आहे. दूरवैद्यकाचे, म्हणजे टेलिमेडिसिनचे, नियम 25 मार्च 2020 रोजी आले; जुनाट आजारांची चालू औषधं त्यांनुसार फोनवरून पुन्हा लिहून देता येतात. ई-संजीवनी सेवेत उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. ही रचना मला नुसत्या अॅपपेक्षा भरवशाची वाटते, कारण तिथे पाठीला स्टेथोस्कोप लावायला एक माणूस हजर असतो. पण चिठ्ठीवर स्टेरॉइडचा पंप लिहिला आणि उपकेंद्रात तो नसला, तर सगळी जोडणी वाया जाते. पीक फ्लो मीटर काही शे रुपयांत येतं. ते प्रत्येक उपकेंद्रात असलंच पाहिजे.

झटका आल्यावर मात्र व्हिडिओ कॉल लावत बसू नये. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, निळा पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर पंप चालू ठेवत थेट 108 ला फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. दम्यात ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ बरा दिसतो आणि माणूस थकल्यावर घसरतो.

फोनचा सर्वांत जास्त उपयोग ज्यांना होईल, त्यांचा विचार या चर्चेत क्वचितच होतो. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दर हंगामात ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर येतात. पाचटाची धूळ आणि कोपीतल्या चुलीचा धूर त्यांच्या वाट्याला पाच-सहा महिने असतो. त्यांच्यातल्या दमेकऱ्याचे कागद गावाकडच्या दवाखान्यात राहतात, पंप पहिल्या महिन्यात संपतो आणि नव्या ठिकाणचा डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारतो. फड बदलतो, तळ बदलतो, फोन नंबर तोच राहतो. दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघण्याआधी गावच्या उपकेंद्राने त्यांची पीक फ्लोची नोंद करून, दोन महिन्यांचा पंप देऊन, पुढच्या तपासणीची तारीख फोनवर बांधून दिली, आणि इकडे कारखान्याच्या तळाजवळच्या उपकेंद्राने तोच नंबर लावून ई-संजीवनीवर त्यांच्याच डॉक्टरांना गाठलं, तर उपचार मधेच तुटणार नाहीत. यासाठी नवं यंत्र शोधायला नको. दोन जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी हंगामाआधी टोळ्यांच्या याद्या एकमेकांना द्यायला हव्यात, आणि त्या याद्या मुकादमांकडे आणि कारखान्यांच्या शेती विभागाकडे तयार असतात.