आडातले आणि पोहऱ्यातले

आमच्या गावच्या बारवेवर मी संकेतस्थळासाठी लेख लिहिला. खरे तर दुसऱ्याचा उतरवला. गूगलवर शोधला, तर मूळ लेख दिसे, माझा नाही. राग आला, मग कारण उमगले. सारख्या मजकुरातून शोधयंत्र बहुधा एकच प्रत दाखवते. १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी इतर पाने ज्याच्याकडे बोट दाखवतात त्या पानाची पत मोठी, अशी रीत मांडली. नकलेकडे कोण बोट दाखवणार? फेब्रुवारी २०११ मधील ‘पांडा’ सुधारणेने तर उसन्या, पोकळ मजकुराची संकेतस्थळे खाली ढकलली.

मग मी बारवेच्या पायऱ्या स्वतः मोजल्या, म्हाताऱ्यांना विचारले, नव्याने लिहिले. पहिला क्रमांक नाही मिळाला. पण लेख दिसू लागला. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?