गाडी एका अंगाला का ओढते?

बैलजोडी हाकली आहे ना तुम्ही? मग ही गोष्ट तुम्हांला निम्मी ठाऊकच आहे. जोडीतला एक बैल दमला, मागे रेंगाळू लागला, की गाडी कोणीकडे वळते? दमलेल्या बैलाच्या अंगाला. तगडा बैल पुढे सरकतो, दमलेला मागे राहतो, जू तिरके होते. मोटारगाडीला बैल नाहीत, चाके आहेत. पण न्याय तोच. ज्या अंगाचे चाक जड फिरते, त्या अंगाला गाडी ओढते.

ओतूरकडचा एक तरुण शेतकरी घ्या. मळ्यातली भाजी पिकअप गाडीत भरायची आणि माळशेज घाट उतरून कल्याणला न्यायची, हा त्याचा धंदा. एकदा त्याची गाडी डावीकडे ओढू लागली. हात जरा सैल केला की गाडी निघाली रस्त्याच्या कडेला. आठ दिवस त्याने दंडाच्या जोरावर गाडी सरळ ठेवली. खांदे भरून आले. घाटात तर एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. एका गॅरेजात दाखवले. तिथला मेस्तरी म्हणाला, "पुढचे दोन्ही टायर बदला." दोन टायर म्हणजे कितीतरी खेपांची कमाई. पोरगा घरी येऊन बापाजवळ बसला.

बाप जुना गाडीवान. त्याने विचारले, "आरं, कवा वढती? सदा वढती, का ब्रेक दाबल्यावरच?"

"सदाच वढती, बाबा."

"मग टायर आणायच्या आधी हवा तरी बघितली का?"

पोरगा गप्प.

म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न लक्षात ठेवा. सदा ओढणारी गाडी वेगळी आणि ब्रेक दाबल्यावरच ओढणारी वेगळी. दुसरीची गोष्ट शेवटी सांगतो. आधी पहिलीची.

सगळ्यांत आधी रस्ता बघावा. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता करतात. दोन मीटर रुंदीला साधारण ४ ते ५ सेंटिमीटर उतार असतो. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. तो गाडीचा दोष नव्हे. खरी परीक्षा सपाट, मोकळ्या जागी घ्यावी. वेग बेताचा ठेवावा. स्टिअरिंगवरची पकड सैल करावी, पण हात तिथेच ठेवावेत. रहदारीत हात सोडून बघणे हा वेडेपणा आहे.

आता हवा. हवा कमी झालेला टायर खाली पसरतो. त्याचा जास्त भाग जमिनीला घासतो आणि चाक जड जाते. पुढच्या एका चाकात ३० पौंड आणि दुसऱ्यात २२ असेल, तर गाडी २२ च्या अंगाला ओढणारच. हवा किती भरावी हे गाडीवरच लिहिलेले असते. चालकाचे दार उघडा, चौकटीवर चिकटवलेला कागद बघा. काही गाड्यांच्या कागदावर रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. गाडी पळाली की टायर तापतो, हवेचा दाब वाढतो, आकडा फसवतो.

पोराने हवा मोजली. पुढच्या डाव्या चाकात ६ पौंड कमी निघाली. भरली. ओढ कमी झाली, पण गेली नाही.

मग टायरकडे वळला. तळहात टायरवरून फिरवून बघितला. एकच कड झिजली आहे का? कुठे फुगवटा आला आहे का? दोन्ही बाजूंचे टायर सारख्याच जातीचे आहेत का? कधीकधी दिसायला चांगला असलेला टायरही आतून वाकडा निपजतो. ते ओळखायची युक्ती सोपी आहे. पुढचे डावे चाक उजवीकडे लावा आणि उजवे डावीकडे. आता गाडी उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरचा. पहिल्यासारखीच डावीकडे ओढत राहिली तर टायर निर्दोष. मात्र टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल करू नये.

ह्या गाडीने बाजू बदलली नाही. दोन टायरांचे पैसे तिथेच वाचले.

"चाक धरतंय कुठंतरी," बाप म्हणाला. "आपल्या गाडीचं चाक धरायचं तवा आस तापायचा."

म्हातारा मोटार कधी शिकला नव्हता, पण नेमके बोलला. ब्रेकवरून पाय काढला की ब्रेकपट्टीने चाक सोडले पाहिजे. गंज चढला, माती गेली, की आतला पिस्टन अडकतो. पट्टी चाकाला घासत राहते. चाक जड जाते, आणि घासले की तापते. म्हणून गाडी चार-पाच किलोमीटर चालवावी, होता होईल तो ब्रेक न लावता. मग हळू थांबवून उतरावे. हाताची पाठ चाकाजवळ न्यावी. हात लावू नये, कातडी भाजेल. सगळी चाके कोमट आणि एकच कढत, जळका वास येतो, तर चोर सापडला. त्या गाडीचे पुढचे डावे चाक तसेच निघाले. मेस्तऱ्याने पिस्टन काढून साफ केला, रबर नवे घातले. गाडी सरळ धावू लागली.

सगळ्यांचेच काम असे इथे संपत नाही. ब्रेकही ठीक असेल तर चाकांची बसणी बघावी लागते. त्याला अलाइनमेंट म्हणतात. घरात एक रुपयाचे नाणे फरशीवर सोडून बघा. नाणे उभे असेल तोवर सरळ जाते. ज्या बाजूला कलते, त्या बाजूला वळते. चाकाचेही तसेच. डावे चाक माथ्याकडून जास्त बाहेर कलले असेल तर गाडी डावीकडे जाऊ बघते. खड्ड्यात जोरात आदळल्यावर असे होते. पण आधी बुश आणि सांधे ढिले झालेत का ते तपासून घ्यावे. ढिल्या सांध्यांवर अलाइनमेंट करणे म्हणजे खिळखिळ्या दाराला नवी कडी. पैसे जातात, गाडी आठ दिवसांत पुन्हा ओढते.

अलाइनमेंटचे यंत्र बहुधा एक कागद छापून देते. तो मागून घ्या. "तुम्हाला काय कळणार त्यातलं?" असे कोणी म्हणाले तरी घ्या. तुम्हांला आता अंक वाचता येतात. डाव्या चाकाचे आकडे एका बाजूला असतात, उजव्याचे दुसऱ्या बाजूला. कामाच्या आधीचे वेगळे आणि नंतरचे वेगळे. आधीचे आणि नंतरचे आकडे अगदी तेच असतील, तर पैसे कशाचे घेतले ते विचारायला हरकत नाही.

पिकअपसारख्या पाट्यांच्या गाडीला आणखी एक रोग होतो. मागच्या पाट्यांना जोडणारा मधला बोल्ट तुटतो आणि मागचा आस एका बाजूने सरकतो. गाडी कुत्र्यासारखी तिरकी पळते. ह्याला यंत्र नको, सुतळी पुरे. पुढची चाके अगदी सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी धरा, गाठ मारा, मग तीच सुतळी दुसऱ्या बाजूला लावा. गाठ जुळली पाहिजे. जुळली नाही तर ज्या बाजूचे अंतर कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

आणि आता ब्रेक दाबल्यावरच ओढणारी गाडी. एकाच बैलाचा कासरा खेचला तर गाडी त्याच अंगाला फिरते ना? तसेच इथे. डावा ब्रेक धरतो आणि उजवा धरत नाही, तर गाडी डावीकडे झेपावते. लोक डावे चाक उघडून बसतात, दोष पुष्कळदा उजव्यात असतो. तिथे पट्टीवर तेल किंवा ग्रीस सांडलेले असते, पिस्टन अडकलेला असतो, नाहीतर नळी आतून बुजलेली असते. चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसते का ते वाकून बघा. ब्रेक-ऑईलची बाटली उतरली आहे का तेही बघा. अशी गाडी भरून घाटात नेऊ नये. मेस्तरी मिळेपर्यंत ती दारात उभी ठेवावी आणि त्या दिवसाची भाजी शेजाऱ्याच्या गाडीत घालून पाठवावी.